पत्ता आधीच वापरात आहे

हॅलिफॅक्स. मार्च. साडेआठलाच गल्ली झोपलेली.
डोरीन मिज्लीनं दिलेला लॅपटॉप माझ्या ओट्यावर.
"भंगारात टाकणार होते. क्लिफर्डचा आहे.
विंडोज नाही त्यात, दुसरंच काहीतरी. तुला कळेल."
मला कळेल असं या गल्लीत सगळ्यांनाच वाटतं.

कीबोर्डाखाली चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं पासवर्ड:
केल्सी. म्हणजे कांदा. प्रदर्शनाचा, डोक्याएवढा.
लासलगावात असा कांदा कुणी हातात धरला नसता,
इथे त्याला रेशमी फीत मिळते.

काम साधं. भाजीमळ्यांच्या मंडळासाठी बियांची यादी,
कुणाकडे वाटाणा जास्त, कुणाला तांबडा मुळा हवाय,
आधी घरातल्या घरात चालेल असं एक पान.
लिनक्सवर अपाची बसवला. सुरू हो म्हटलं.
लाल ठिपका.

पुन्हा म्हटलं. पुन्हा लाल.
चष्मा कपाळावरून नाकावर आणला,
कॉन्फिगची फाईल ओळीओळीनं वाचली.
एक कंस उघडा वाटला, तो बंदच होता.
तपासणी लावली: सिंटॅक्स ओके.
रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि पेशंट काही उठत नाही.
काढून टाकला, परत बसवला.
चहा केला, तो तिथेच गार झाला.
भाच्याला विचारावं, तर नाशकात पहाटेचे चार.

शेवटी लॉग.
लॉग आधी वाचा, हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय.
तळाशी, कुणावरही न रागावलेली एक ओळ:
पत्ता आधीच वापरात आहे.

ऐंशी नंबरच्या पोर्टवर
माझ्याआधी कुणीतरी ऐकत बसलंय.
यंत्राच्या भाषेत ऐकणं असंच म्हणतात त्याला,
कुणी हाक मारो न मारो.

कोण ते विचारलं. पायथनचा चिमुकला प्रोग्राम,
नाव कांदे, ओळी साठेक.
मशीन जागं झालं की उठायचं,
एवढं त्याला शिकवून ठेवलेलं.
त्याला मारायला एक ओळ पुरते. ती मी टाइपही केली.
एंटरवर बोट असताना लक्षात आलं,
दोन तासांत एकदाही ब्राउझर उघडून
दार वाजवलेलं नाही आपण.

लोकलहोस्ट.
फिकट हिरवं पान. वर लिहिलेलं: काचघर, उत्तर कोपरा.
खाली तापमान, दर दहा मिनिटांचं, वर्षं न् वर्षं.
शेवटचा आकडा गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरातला,
पहाटे पाच चाळीस, चार पूर्णांक एक.
मग कोरं.
मग आज संध्याकाळी, मी स्विच दाबल्यापासून:
सेन्सर सापडत नाही.
सेन्सर सापडत नाही.
सेन्सर सापडत नाही.
माझा अपाची पडत होता तेव्हा शेजारी हे चाललेलं.

टाइप केलेली ओळ मागून पुढे खोडत आले, संपेपर्यंत.
बियांची यादी आठ हजार ऐंशीवर नेली.
तिथे गेल्यावर चारशेतीन, आत यायला मनाई;
फोल्डरची परवानगी द्यायची राहिली होती, ती दिली.
वाटाणा आला, मुळा आला. साडेअकरा वाजले होते.

सकाळी डोरीननं उभ्यानंच वाचलं, पिशवी खांद्यावर.
"कांद्यांकडे बघून येतो म्हणायचा.
मला वाटायचं, बाहेर जातो.
जिन्याखाली बसलेला असायचा मेला."
घरी गेली, पंधरा मिनिटांनी परत आली.
ड्रॉवरमधून आणलेली वायर, रबरबँड गुंडाळलेली,
टोकाला धातूचं बोंड.
यूएसबीत घातली. बोंड खिडकीशी टांगलं.

दहा मिनिटं थांबायचं होतं.
तिनं माझी यादी बघितली,
गाजराच्या स्पेलिंगमधली चूक काढली.
मग पान हललं: तेरा पूर्णांक दोन.
डोरीन म्हणाली,
"गारठाच आहे की गं तुझ्याकडे."