वळचणीचा वारा

सोहारला आम्ही पहाटे चारला कामाला लागतो.
नऊला आढ्याखाली एकसष्ट अंश.
टेकबहादूर थर्मामीटर बघून हसतो,
म्हणतो, दादा, इथे तांदूळ ठेवले तर भात होईल.

कौलं शोभेची. इथे पाऊस कुठला!
हैसमने मस्कतला कुणाचा तरी बंगला पाहिला,
म्हणून स्लॅबवर हे उतरतं छप्पर,
आणि दोघांच्या मध्ये
रांगत जाण्यापुरती जागा,
जिथे सात वर्षं ऊन मुक्कामाला आहे
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखं.

काचलोकरीच्या गुंडाळ्या वर चढवायच्या.
त्याआधी मनगटांना खोबरेल, त्यावर पावडर,
बाही हातमोज्यात, हातमोज्यावर चिकटपट्टी.
तरी कुसळ शिरतंच.
नेमकं तिथे, जिथे खाजवायला हात पोचत नाही.

हैसम म्हणाला, सगळं बंद करा. गच्च.
एक भोक दिसता कामा नये.
मुकादम खेडचा, एकतीस वर्षं आखातात.
त्याला येस सर म्हणाला, मला हळूच म्हणाला,
"वळचणीला वीतभर जागा सोड.
लोकर म्हणजे पांघरूण.
पांघरूण तोंडावरून घेतलं
की माणसाला काय म्हणतात, तुला माहितेय."

वाऱ्याच्या वाटेवर बसवायच्या पन्हळी
कंटेनरात, कंटेनर बंदरात.
मग मी खजुराची रिकामी खोकी कापली.
दर दोन वाशांमध्ये एक,
लोकर मागे रेटून धरणारी.
पालथं पडून, टॉर्च दातात,
हनुवटीवरून घाम, आणि नाकाशी
खजुराचा शिळा गोड वास.
चौदा खोकी. पंधरावं तिरकं बसलं,
तसंच ठेवलं.

हैसमचा बाप खल्फान
शिडीशी काठी टेकून बसायचा.
मोडकं हिंदी, मुंबईच्या गोदीत शिकलेलं.
"हवा जाता है?" रोज एवढंच.
त्याचा जन्म अरीशातला,
झावळ्यांच्या भिंती,
घर्बी सुटला की आख्खं घर
चाळणीसारखं सूं करायचं, म्हणाला,
आणि ओलं फडकं दाराला बांधून आई
दुपार निभावून न्यायची.

शेवटच्या दिवशी त्याने काठीला अडकवून
निखाऱ्यांची मजमर वर पाठवली, लोबान टाकून.
मी ती वळचणीशी धरली.
धूर आधी घुटमळला.
अनोळखी घरात शिरावं तसा
जरा वाकला, आत आला,
लोकरीला न शिवता वर चढत गेला
आणि आढ्याच्या फटीतून बाहेर.

शेजारचा चौकीदार ओरडत धावला, आग! आग!
पाण्याची नळी, दोन पोरं, एक बादली.
हैसम अनवाणी बाहेर.
त्याच्या बापाला हसताना
मी त्या एकाच दिवशी पाहिलं.
चार दात होते.

हैसमने फटीकडे पाहिलं, मुकादमकडे पाहिलं.
मुकादम म्हणाला, येस सर.

आमच्याकडे म्हणतात,
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही.
खरंच आहे. पाण्याला उतार लागतो.
पण वारा जातो. तापला की जातोच.
त्याला खाली एक दार आणि वर एक दार,
बाकी काही मागत नाही.

रात्री कॅम्पवर पाठीतलं कुसळ
टेकबहादूर चिकटपट्टीने उपटत होता
तेवढ्यात मंडणगडहून सुलभाचा फोन.
माझ्याच पैशांनी कौलं उतरवून
गेल्या साली पत्रा घातलाय आम्ही.
माडीवर बसवत नाही म्हणाली,
पोरीची दहावी आहे, वही ओली होते घामाने.
तिथे पंखा गरम हवाच फिरवतो.

म्हटलं, गवंड्याला बोलाव.
समोरासमोरच्या भिंतींत, एका बाजूला खाली,
दुसऱ्या बाजूला पत्र्याला लागून वर,
दोन-दोन विटा काढायला सांग.

बराच वेळ ती गप्प.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"काढायला?" ती म्हणाली.
"बसवायला किती घेतले होते त्याने,
आठवतंय का तुम्हाला?"