आपोआप फुगणारं पीठ

बिंदू कुरियनच्या भावानं मस्कतहून आणलेलं पाकीट
मागच्या ओणमला तिनं आमच्या दारात दिलं,
पायसमच्या डब्यासोबत.
"भाऊ, यात काही घालावं लागत नाही,
पीठ आपलं आपणच फुगतं."
मी हसलो. सव्वीस वर्षं पावण्याच्या कारखान्यात
सोडियम बायकार्बोनेटच्या पन्नास किलोच्या गोण्या
मोजून घेतल्यात मी.
आपोआप काही होत नसतं, बिंदू,
कुणीतरी आधीच मिसळून ठेवलेलं असतं.

पाकीट कणकेच्या डब्यामागे गेलं.
गेलं ते गेलंच.

काल मंदाकिनी रात्रपाळीला गेल्यावर काढलं.
एक वाटी पीठ, अर्धी वाटी दही, पाऊण वाटी साखर,
दूध, तेल, सगळं मापानं.
अंदाज हा शब्द आमच्या प्लँटमध्ये शिवी होता.
कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली,
तळाशी जाडं मीठ, मिठावर पालथी ताटली,
मंद आच, चाळीस मिनिटं,
आणि कोपरखैरण्याच्या सेक्टर सातमध्ये
रात्री साडेअकराला वेलदोड्याचा वास सुटला.

झाकण उघडलं तर
फरशी.
कडेला जराशी उचललेली, मध्ये खचलेली,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते तशी.

मग चष्मा लावून पाकीट वाचलं.
मुदत उलटून आठ महिने.
खाली बारीक अक्षरांत: कोरड्या जागी ठेवा.
कोरडी जागा! खाडीपासून दीड किलोमीटरवर!
इथं मीठसुद्धा डबीत घाम गाळतं.
पीठ काय करणार बिचारं,
जे काही फुगायचं ते डब्यामागच्या अंधारात
थोडं थोडं फुगून घेतलं असेल त्यानं,
कुणाला न सांगता.

प्लँट बंद झाला तेव्हा मी चोपन्नचा होतो.
तिथं आता काचेची इमारत आहे,
आत गारठ्यात कुणाकुणाची माहिती ठेवतात,
माणसं म्हणे वीसच लागतात.
तेव्हापासून मी भाजी निवडतो
आणि पाणी किती वाजता आलं ते
जुन्या लॉगबुकात लिहून ठेवतो.

साडेबाराला घरातला साधा मैदा घेतला.
वाटीला दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ,
तीनदा चाळायचं. मी चौथ्यांदाही चाळलं.
एवढंच असतं ते गुपित.
त्याआधी पावडरची चाचणी, नियमाप्रमाणे:
अर्धा चमचा, गरम पाण्यात.
फसफसली.
वाटी कानाशी धरून
ओट्यापाशी उभा राहिलो बराच वेळ,
पाणी शांत झालं तरी.

दुसरा केक फुगला.
डावीकडे कलून, माथ्यावर चीर घेऊन,
पण सुरी कोरडी निघाली.

पावणेआठला मंदाकिनी आली.
चपला न काढता ओट्यापाशीच उभी राहिली.
"तीन मुली, एक मुलगा," म्हणाली,
"शेवटची पायाळू होती. तासभर घाबरवलं तिनं."
एक तुकडा खाल्ला. दुसरा कापला.
"हा कलला का?"
"बर्नरची एक बाजू बुजलीय."
"आणि हे काय?"
मी फरशीवर ताट झाकायला गेलो,
तोवर तिनं कोपरा मोडून चहात बुडवला होता.
"चहाला हाच बरा," म्हणाली,
"तो दुसरा लगेच विरघळतो."

उरलेलं पीठ मी बरणीत भरलं.
तिच्या पर्समधली चिकटपट्टी लावून
वर आजची तारीख घातली,
खाली: दोन महिन्यांत वापरणे.
लॉगबुकात पाण्याच्या वेळेखाली दोन ओळी,
बॅच एक, बॅच दोन.
शेरा काय लिहावा ते सुचेना.

"बिंदूनं विचारलं तर काय सांगू?"
आतून, उशीत तोंड खुपसून उत्तर आलं,
"फुगलं म्हणा.
आपलं आपणच."