खाचांची पट्टी

डुलुथ. मार्च संपत आला, सरोवर अजून गोठलेलंच.
टेबलावर बावन्न आठवड्यांची वही,
काउंटीने छापलेली, सगळ्यांना एकच.
तीन फाइली, तीन सह्या, पाचच्या आत.

माझे वडील कंपाउंडर होते, मंगळवेढ्याला.
बरणीत गुलाबी मिश्रण एकच,
पण बाटलीवर डकवायची कागदाची पट्टी
ते ज्याची त्याला कापायचे.
कात्री हवेत धरून विचारायचे,
"वय काय? जेवतोय का?"
मग खाचा.

एल्डन, तेरा वर्षांचा. एकदाच. मावसबहीण सातची.
विचारलं तेव्हा खरं सांगितलं
आणि माझ्या कचऱ्याच्या बादलीत ओकला.
त्याला दारांचे नियम हवेत, फोनचे नियम,
बारा-चौदा भेटी,
आणि त्याच्याशी पुन्हा बोलणारी आई.
थोरल्या मुलांच्या गोलात वर्षभर बसवला
तर तिथे तो काय शिकून येईल
हे वहीला माहीत नाही.

ट्रेव्हियन, सोळा. एकदा नाही.
चार घरं बदलली, दोनदा आडनावही.
पहिल्या घरात त्याचं काय केलं गेलं
ते तो जांभई देत सांगतो,
बसचं वेळापत्रक सांगावं तसं.
त्याला बावन्न पुरायचे नाहीत.
त्रेपन्नाव्याला पान नाही.

आणि वेन. प्रत्येक तिसऱ्या शब्दाला ठेचकाळतो.
'सहवेदना' त्याने पाच वेळा सुंदर अक्षरात उतरवून काढलं,
खाली मागच्या समुपदेशकाचा शेरा: उत्तम प्रगती.
मी त्याला चित्रं काढून देते.
माझ्या माणसांना मानच नसते.
तो हसतो, मग एका चित्रावर बोट ठेवून
बराच वेळ गप्प होतो.

न्यायाधीशबाई फोनवर म्हणाल्या,
नियम सगळ्यांना सारखा हवा, डॉक्टर.
शेजारीण म्हणाली, असल्यांची कसली मापं घेता?

एल्डनच्या फाइलीत त्या मुलीचं नाव नाही.
एक अक्षर आहे, पुढे टिंब.
मी तिची डॉक्टर नाही, कधी भेटणारही नाही.
पण हात थरथरतो तो तिच्यामुळे:
खाच उथळ पडली तर भोगणार तीच, किंवा तिच्यासारखी कुणी;
नको तितकी खोल गेली, तरीही तीच.

साडेचार. खाली पार्किंगमध्ये
एल्डनची आई गाडीत बसून आहे, काच वर,
इंजिन चालू.
तीन आठवडे ती इथवर येते आणि वर येत नाही.

वही मिटते. कोट चढवते.
पहिली खाच तिथे आहे.