डावी बाही

सिनेमावाले आले तेव्हा मी काज करत होते,
कुडचड्याच्या बाजारात, स्टेशनच्या मागे,
जिथे खाणीची धूळ अजूनही
पांढरं कापड पांढरं राहू देत नाही.

त्यांच्याकडे एक फोटो होता, फिलूच्या लग्नाचा.
फिलू, तिचा नवरा, फुलं धरलेल्या दोन पोरी,
आणि कडेला अर्धा कापला गेलेला केरूबीन,
सतरा वर्षांचा, कान मोठे.
म्हणाले, हाच ड्रेस हवा, अगदी असाच.
डावी बाही आखूड.
ती तर त्यांची सही.

सही!
चार बोटं आखूड ती बाही
पुढे कुठे कुठे गेली म्हणे, पॅरिसला, मिलानला.
उंच पोरी ती घालून चालल्या,
एक हात झाकलेला, एक मनगट उघडं,
आणि जाणकारांनी लिहिलं
की हिच्यात ओहोटी आहे.

हिच्यात काय आहे ते मी सांगते.
हिच्यात साटीन कमी आहे.

आंतोन मेस्तने मडगावहून चार मीटर आणलं,
लागत होतं साडेचार.
मेस्त जेवायला गेलेला, पोरगा फुटबॉल बघायला,
कात्री माझ्या हातात, मी एकोणीस वर्षांची.
कापड संपतं तेव्हा आवाज होत नाही.
हात पुढे जातो आणि टेबल लागतं.

केरूबीन आला, गुडघ्यापर्यंत चिखल.
मी रडत होते.
त्याने ती बाही स्वतःच्या हाताला लावली
आणि आरशासमोर उभा राहिला,
इतका वेळ, की इस्त्रीतले करवंटीचे निखारे विझले.
मग म्हणाला, आसूं दी.
आणि बापाला म्हणाला, हांवेंच कातरलें.

गजाच्या पट्टीचे दोन फटके.
एक पोटरीवर, एक बोटांवर.
मी दोरा ओवत राहिले.
सुईचं नाक सापडत नव्हतं.

म्हणून मी कधी कुणाला काही सांगितलं नाही.
त्याच एका वाक्यावर पुढे त्याला सगळं मिळालं,
खरं आहे.
पण त्या वाक्याची पहिली मजुरी
त्याने माझ्या वाटणीची घेतली होती.
हा हिशेब मला आजवर जुळलेला नाही.
आता तोही नाही विचारायला.

सिनेमावाल्यांनी साटीनचा अख्खा तागा पाठवला.
तीन वेळा बेतलं, तीन वेळा बाह्या सारख्या.
चाळीस वर्षांची सवय, हात ऐकेना.
शेवटी त्यांच्या पोराला म्हटलं,
हा तागा उचल इथून.
मला चार मीटर दे आणि बाकीचं घेऊन जा.
मग झाली.

मडगावला सिनेमा लागला, पुतण्याने नेलं.
पडद्यावर रात्र, मेणबत्ती, व्हायोलिन.
नट देखणा, कान लहान,
अंगठा कात्रीच्या भलत्याच कडीत.
तो एकटाच बाही कापतो, डोळे भरून.
बाप दारात येतो, बघतो,
आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुकानात मुलगी नव्हती, बरं, नसू दे.
माणसं मावत नसतील अडीच तासांत.
पण ते दोन फटके का काढले?
पोटरीवरचा वळ पंधरा दिवस होता.
मी मोजत होते.

घरी येताना पुतण्याने विचारलं, आवडला?
म्हटलं, काज चांगली आली होती पडद्यावर.
माझीच होती ती.

सोमवारी झुलियाना आली,
धाकटीचा कोमुन्यांवचा फ्रॉक शिवायचाय.
माप देता देता म्हणाली,
बाह्या सारख्या ठेव हां, मावशी,
ते सिनेमातलं नको.

मी टेप लावली.
आधी डावी.