हळदीचं बोट

शाळेच्या भिंतीवर मीच ते डकवलं,
रंगांच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान.
खालचा जून महिना कापून टाकला.
मुलांना म्हटलं, लांब उभे राहा, डोळे बारीक करा,
मग फुलं दिसतील.
मुलं म्हणाली, जवळूनबी दिसते, सर. पोवन हाय.

पुस्तकलाबाई मारबते तांदूळ निवडता निवडता
तिकडे बघत राहायच्या.
तीन दिवस काहीच बोलल्या नाहीत.
चौथ्या दिवशी खिचडीत हळद टाकून आल्या, म्हणाल्या,
"दहाच्या आतलं हाय. अकराले मिटते हे फूल."

मी फ्रान्स, प्रकाश, असं काहीतरी सुरू केलं.
"अना इथं," पानांमधल्या निळ्या फटीवर त्यांनी बोट टेकवलं,
"इथून कांदे काढले कोनीतरी. परवाच.
पानं अजून सरकली नाईत जाग्यावर.
पाळ कुठं हाय याची?"

पाळ नाही, म्हटलं. झाडंही नाहीत.
आभाळ आहे, पण ते पाण्यात.
चित्रकार काठावर बसून—
"काठावरून असं नाई दिसत, गुरुजी."

रविवारी बोडीवर गेलो.
पँट आधी गुडघ्यापर्यंत दुमडली, मग सोडूनच दिली.
त्या पुढे, गळाभर पाण्यात,
अंगठ्यानं चिखलातला कांदा चाचपत,
चेहरा असा, जणू लाइट गेल्यावर
फळीवरची काडेपेटी शोधतायत.
माझ्या हनुवटीला पाणी लागलं
आणि पाळ गेली.
पाळीवरचे मोह, माझी सायकल,
हँडलला अडकवलेल्या चपला, सगळं गेलं.
फुलं तेवढी नाकासमोर, कडा नसलेली,
आणि त्यांच्यामधून एक ढग
माझ्या छातीवरून सावकाश निघालेला.
"दिसलं?" त्या म्हणाल्या.
"पान्यात उतरला होता तो मानूस."

मी वाद घातला नाही. पुस्तकात वेगळं लिहिलंय.
कांदे निघाले दोन किलो.
जळवा तीन, तिन्ही मलाच.

सोमवारी पाहिलं तर निळ्या फटीत
त्यांच्या बोटाची हळद तशीच.
फडकं ओलं करून आणलं,
मग त्या फडक्यानं फळाच पुसला.

पहिलीतली तेजू वलथरे फुलं मोजते
तेव्हा एक जास्त येतं.
मी बरोबरची खूण करतो.