गेट क्रमांक सात

सिमेंटचा पहिला ठोकळा रस्त्यावर उतरला
की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला
आगाबाला उस्तांचा फोन यायचा.
सलाम नाही, खुशाली नाही. थेट:
"शहला खानूम, माझी कबुतरं."

मी सांगायची, गाड्यांचा आवाज माझ्या हातात नाही.
माझ्या हातात दारं, पास, पादचारी पूल
आणि गटारांची तीनशे बारा झाकणं,
जी आम्ही एकेक करून वेल्डिंगनं मिटवतो,
कारण त्या वेगानं गाडी वरून गेली
की झाकणच उपसून घेते.
ते म्हणायचे, "वा. झाकणं जागेवर राहणार
आणि कबुतरं परागंदा."

या वर्षी फोन आला नाही.
माझ्या लक्षातही आलं नाही, खरं सांगायचं तर.
बाकूत खझ्री सुटला होता,
जाहिरातींचे फलक शिडासारखे फुगत होते,
आणि जुन्या शहराच्या तटाखाली
दगडी फरसबंदीवर आधी जाड कापड, मग डांबर
अंथरायचं होतं,
चार दिवसांच्या पाहुण्यासाठी गादी घालावी तसं.

शुक्रवारी, पहिला सराव चालू असताना,
गेट सातवरून तालेह रेडिओवर बोलला:
"आत मय्यत आहे. आगाबाला उस्ता. पहाटे गेले.
दफन आजच करायचं म्हणतात."

मी नकाशा पाहिला. घर ट्रॅकच्या पोटात.
बाहेर पडायला एकच पूल,
त्याच्या उताराला मध्ये काटकोन.
मापं मीच मंजूर केलेली:
बाबागाडी वळते, चाकाची खुर्ची वळते.
आडवा माणूस वळत नाही.
फॉर्मात तो रकाना नव्हता.

हेन्ड्रिक, शर्यतीचा संचालक,
एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला, "किती?"
"अकरा मिनिटं. दोन सत्रांच्या मधे."
"आणि झाडणारी गाडी?"
"नंतर."
तो पडद्याकडे बघत राहिला.
"नंतर," म्हणाला.

दोन एकेचाळीसला गेट उघडलं.
वीस-बावीस पुरुष, खांद्यावर जनाजा,
रबराच्या ताज्या काळ्या पट्ट्यांवरून
चालत निघाले.
घाई करा, हे सांगायचं काम तालेहचं होतं.
त्यानं ते केलं नाही.
ब्रेकची खूण म्हणून लावलेल्या शंभराच्या पाटीपाशी
ते थांबले, खांदे बदलले.
एकाच्या बुटाला रबराचे गोळे चिकटले होते,
तो पाय झटकत होता, आणि लाजत होता.

स्टँडमधून कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
कार्यक्रमाचाच भाग असेल म्हणून.
मग त्याच्या शेजारच्यानं त्याचा हात धरला असावा.

वळणावरची मार्शल, झुमरूद, एकोणीस वर्षांची,
हलक्या आवाजात विचारती झाली:
"खानूम, कुठलं निशाण दाखवू?"
पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा,
निळं म्हणजे मागच्याला वाट द्या.
नियमपुस्तक मला पाठ आहे.
म्हटलं, "सगळी गुंडाळून ठेव. नुसती उभी राहा."

दोन त्रेपन्नला गेट बंद.
एक मिनिट जास्त झालं.
हेन्ड्रिकनं घड्याळ दाखवलं नाही.
मी नोंदवहीत लिहिलं: गेट ७, रहिवासी, बाहेर.
परतीची वेळ, या रकान्यावर पेन जरा अडखळलं.
मग झाडणारी गाडी गेली,
मग इंजिनं,
आणि तटापलीकडच्या एका गच्चीवरून
मूठभर पांढरं काहीतरी उधळलं.

सोमवारी डांबर खरवडलं, कापड गुंडाळलं.
खालचे दगड होते तसेच, थोडे ओलसर.
झाकणांचे टाके कापले.

मंगळवारी, सकाळी सातला फोन.
नुकता फुटलेला, घोगरा, पोरसवदा आवाज:
"खानूम, आजोबा तुमच्याशी कबुतरांबद्दल बोलायचे ना?
दाणा किती घालायचे, काही म्हणाले होते?"

प्रत्येक तक्रार शब्दशः उतरवून ठेवायची,
असा आमच्या कचेरीचा नियम आहे.

"थांब," म्हटलं. "वही काढते."