प्रश्न क्रमांक चौदा

नाव?
ती म्हणाली, शुक्रिया.
मी म्हटलं, आभार कसले, अजून काही विचारलंच नाही,
आधी नाव सांगा.
पोरगा हसला. तेच तर नाव आहे, ताई.

मी रकाना भरला. पेन जरा अडखळलं.

डोंगरीत, इमामवाड्यामागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावरची खोली.
भिंतीला टेकवून उभी केलेली गादी,
खिडकीत वाळत घातलेला एकच गणवेश.
माझ्याकडे गळ्यातलं ओळखपत्र, संमतीपत्राच्या दोन प्रती
आणि ‘मिळालेल्या मदतीविषयी’ बावीस प्रश्न.
तिची भाषा दरी.
मराठीत दरी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.
मधे अकरा वर्षांचा नौरोज,
उर्दू शाळेत सक्तीची मराठी शिकलेला,
‘ळ’ माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणणारा.

धान्य वेळेवर मिळालं?
हो.
ब्लँकेट?
एक. चौघांत.
चार बोटं वर केली त्याने,
मग त्यातलं एक हळूच मिटलं.

प्रश्न चौदा.
मदत स्वीकारताना तुम्हाला कसं वाटलं?
एक ते पाच, कुठल्याही एका आकड्याला गोल करा.

ती बोलायला लागली.
उसवलेला धागा ओढत जावा
आणि तो संपूच नये, तशी.
मधेच थांबून तिने हवेत एक डबा धरला,
छातीशी नेला, अजून थोडा वर,
ओठ ताणून दाखवले,
मग पुन्हा बोलत राहिली.
खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.
वीज गेली, आली.
नौरोज फरशीकडे बघत होता.

मग म्हणाला, ठीक वाटलं.

एवढंच?
एवढंच. तीन लिहा.

मी तीन लिहिलं.

रेकॉर्डरवर ते ‘ठीक’
चार मिनिटं सव्वीस सेकंदांचं होतं.
पुण्यात शिकणाऱ्या झोहराने महिन्याभराने उतरवून पाठवलं,
हिंदीत, चुकांसकट. मी ते असं वाचलं :

त्यांनी तेलाचा डबा दिला. म्हणाले, असा धरा.
फोटो काढला. म्हणाले, तुम्ही हसला नाहीत, परत.
हसले. म्हणाले, इतकं नको.
तेल मोहरीचं, आमच्यात त्यात कुणी रांधत नाही.
शेजारणीला दिलं, तिने बटाटे दिले.
पुढच्या वेळी विचारलं, डबा कुठाय?
संपला म्हटलं. खोटं बोलले.
आमच्याकडे बामियानला
भूक आहे का, असं पाहुण्याला विचारत नाहीत,
ताट ठेवतात आणि आपण दुसरीकडे बघतात.
हा माझा मुलगा आता हे सगळं तुला लहान करून सांगेल.
सांगू दे.
त्याला वाटतं, मला लाज वाटू नये.
मुली, तुझा चहा निवतोय.

नियमावली, पान सहा :
प्रतिसादकाकडून काहीही स्वीकारू नये.

मी तीन पेले प्यायले होते.
वेलचीचा हिरवा चहा, दाताखाली खडीसाखर;
पेला रिकामा झाला की ती भरायची
आणि थांबा कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.
निघताना उरलेली साखर तिने
वहीच्या कागदात बांधून माझ्या पर्समध्ये सरकवली,
आणि दुसरीकडे बघितलं.

कुंटे सरांना विचारलं, त्या तीनचं काय करू?
म्हणाले, भरलेला आकडा बदलता येत नाही,
फार तर ‘इतर’मध्ये टीप द्या.

‘इतर’ची ओळ बोटाएवढी.
मी लिहिलं : डबा.
खोडलं.
लिहिलं : ती बोलली.
तेवढ्यात जागा संपली.

पुडी फेकायची राहूनच गेली.
मुंबईच्या हवेत साखरेला पाझर फुटला, कागद विरघळला.
परवा बसमध्ये सुट्टे दिले,
तर कंडक्टरने नाणं उलटंपालटं केलं, बोटं चोळली,
आणि माझ्याकडे बघत राहिला.
नाणं चिकट होतं.
काय सांगू त्याला,
कुठून मिळालं.